सात नंबरची खोड

रायफल मधेच अडली की पहारेकरी म्हणत, "आजारी पडली." आणि मग तिला जिच्याकडे न्यायचं, तिचं नाव आपसूकच वैदीणबाई पडलं होतं. तोंडावर मात्र सगळे तिला ताई म्हणत.

पहारेकऱ्यांच्या त्या प्रशिक्षण केंद्रात ती बावीस वर्षं शस्त्रागार सांभाळत होती. तळमजल्यावरची लांबट खोली, भिंतीशी साखळीत ओवून उभ्या केलेल्या रायफली, मधे जाड लाकडी टेबल. टेबलावर ब्रश, जुन्या बनियनच्या चिंध्या, तेलाची कुपी आणि लाल नेलपॉलिशची बाटली. नेलपॉलिश तिच्या नखांना कधी लागलं नाही. ते मॅगझिनांसाठी, म्हणजे रायफलीला काडतुसं पुरवणाऱ्या डब्यांसाठी होतं. एका मॅगझिनवर एक ठिपका, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. म्हणजे कुठलं नाठाळ आहे ते पकडता येतं.

"काडतूस आत जायला नाही म्हणालं, तर आधी मॅगझिन बदला," नव्यांना ती सांगे. "त्याचे ओठ वाकडे असतात, नाहीतर आतली स्प्रिंग दमलेली असते. स्वयंपाक बिघडला की लगेच सुनेला बोलू नये, आधी धान्य बघावं."

"आणि धान्य चांगलं निघालं तर?" एखादा आगाऊ विचारायचाच.

"मग चूल बघावी. सून सगळ्यात शेवटी."

हा क्रम तिला कधी दगा देत नव्हता. दगा दिला तो सात नंबरच्या रायफलीनं, आणि तोही नवे साहेब आल्यावर.

सात नंबर ही साहेबांची रायफल. साहेब कुणीही असोत, दर आठवड्याच्या सरावात ते सातच वापरणार हा जुना शिरस्ता. अर्धस्वयंचलित रायफल ती. पहिलं काडतूस हातानं बाजूची मूठ मागं ओढून आत घालायचं, मग प्रत्येक गोळीनंतर पुढचं काडतूस ती आपलं आपण घेते. नवे साहेब आठ महिन्यांपूर्वी आले आणि तेव्हापासून सात अडू लागली. दर वेळी पहिल्याच काडतुसाला. अर्धं आत, अर्धं बाहेर, आणि त्याला आत ढकलणारा मागचा बोल्ट उंबऱ्यावर घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा. वैदीणबाई धावत जाई, काडतूस काढी, मूठ ओढून रायफल पुन्हा साहेबांच्या हाती देई. पुढच्या नऊ गोळ्या सुरळीत सुटत.

तिनं मॅगझिनं बदलली. एक ठिपका, दोन ठिपके, तिन्ही आपापल्या जागी साळसूद. काडतुसांची पेटी बदलली. नळीचं तोंड घासूनपुसून आरशासारखं केलं. बोल्टची स्प्रिंग नवी घातली. स्वतः चाळीस गोळ्या झाडल्या. एकही अडली नाही. साहेब येऊन पालथे झोपले, मूठ ओढली, आणि सात अडली.

"सोंग करते मेली," ती दात आवळून म्हणाली.

साहेब माणूस इतका मवाळ, की रागावले तरी आधी माफी मागत. "तुमच्या हाताची सवय झालीय तिला, ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "पण हत्यार एका माणसाच्या सवयीचं असू नये, नाही का?"

नंतरच्या मंगळवारी संध्याकाळी ते बिस्किटांचा पुडा घेऊन तिच्या घरी आले. वरिष्ठ माणूस बिस्किटं घेऊन घरी येतो, तेव्हा बातमी गोड नसते.

तिच्या सासूबाई नेहमीप्रमाणे दारासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. त्यांचं उरलेल्या आयुष्याचं वैर शेजारच्या बोक्याशी होतं.

साहेबांनी कप बशीत ठेवला, तर आवाज नाही. खुर्ची सरकवली, तर आवाज नाही. सासूबाई टक लावून बघत राहिल्या.

"आमच्याकडे दिवसा झोप असते," साहेब ओशाळून म्हणाले. "आमच्या हिची दवाखान्यात रात्रपाळी. पंधरा वर्षं झाली. सवय लागलीय."

मग त्यांनी लिफाफा काढला. शनिवारी वार्षिक नेमबाजी. त्यातही सात अडली, तर ती मोडीत जाईल. आणि पहिल्या तारखेपासून ताईंनी भांडारात बसायचं. बूट, ब्लँकेटं. "तिथं दगदग कमी आहे," साहेब म्हणाले, जणू बक्षीसच देत होते. "मला ऑफिसात सगळ्यांसमोर सांगवेना."

"बावीस वर्षं हत्यारं दुरुस्त केली, साहेब. आता ब्लँकेटांना काय विचारू, कुठं दुखतं म्हणून?"

साहेब कसनुसं हसले, नमस्कार करून उठले आणि गेले.

वैदीणबाई लिफाफ्याकडे बघत बसली. एवढ्यात स्वयंपाकघरात भांडं आदळलं आणि सासूबाई कडाडल्या, "बोका! अगं, दूध!"

बोका एव्हाना मिशा पुसत दारातून निघून चालला होता. दार बोटभर उघडं होतं.

"त्या तुझ्या साहेबानं लावलंच नाही नीट," सासूबाई म्हणाल्या. "बघत होते ना मी. दार लावत होता की दाराची माफी मागत होता? शेवटपर्यंत मूठ धरून हळूहळू, हळूहळू. अशानं खटका बसतो होय? सोडावं लागतं दाराला. आपलं आपण बसतं ते."

वैदीणबाई ताडकन उठली. दार उघडलं. मूठ धरून अलगद पुढं नेलं. खटक्याची जीभ चौकटीच्या कडेवर टेकून तिथंच राहिली. पुन्हा उघडलं आणि ढकलून सोडून दिलं. खट्! बसलं.

हळू नेलं, अडलं. सोडलं, बसलं.

"दाराशी खेळतेस काय? माझं दूध सांडलंय तिकडं!"

"आई," ती म्हणाली, "तुम्ही माझी नोकरी वाचवलीत."

"दूध वाचवलं असतंस तर बरं झालं असतं."

आता सगळं लख्ख दिसत होतं. साहेब नेम धरायला झोपले की बाकीच्यांनी आदबीनं दहा पावलं मागं उभं राहायचं. त्यामुळं त्यांच्या हाताकडं कुणाचं लक्ष कधी गेलंच नव्हतं. ते मूठ ओढत आणि न सोडता, झोपलेल्या बायकोच्या खोलीचं दार लावावं तशी हलकेच पुढं नेत. मग स्प्रिंगचा जोर लागणार कधी, आणि काडतूस आत ढकललं जाणार कसं? मॅगझिन निर्दोष, काडतूस निर्दोष. धान्य झालं, चूल झाली. या घरात सून म्हणजे साक्षात साहेब निघाले होते.

पण हे सांगायचं कसं? दुधाचं पातेलं घासता घासता तिनं चार-पाच वाक्यं म्हणून पाहिली. 'साहेब, खोड रायफलीला नाही, तुमच्या हाताला आहे.' प्रत्येक वाक्य टोमण्यासारखं वाजत होतं. त्यात बदलीचा कागद हातात पडलेला. खरं बोलली तरी लोक म्हणणार, नाचता येईना अंगण वाकडं.

बुधवारी सकाळी तिनं साहेबांपुढं एक टाइप केलेला कागद ठेवला. नेमबाजीच्या रेंजवरच्या सुरक्षेची नवी सूचना: काडतूस भरताना प्रत्येकानं मूठ शेवटपर्यंत मागं ओढावी, झटक्यात सोडावी, मोकळा हात ताबडतोब उंच करावा आणि मोठ्यानं 'तयार!' म्हणावं. हुद्द्याचा अपवाद नाही.

साहेबांनी सावकाश वाचलं. "छान आहे. मागच्यांना कळेल कोण तयार आहे ते. आणि हुद्द्याचा अपवाद नाही, हे तर फारच छान." त्यांनी सही केली. पेनाचं टोपणसुद्धा आवाज न करता लावलं. वैदीणबाईनं कागद उचलला. रोग्यानं आपल्याच औषधाच्या चिठ्ठीवर सही केली होती.

दोन दिवस रेंजवर नुसता तमाशा. "तयार!" "तयार!" एकानं हात इतक्या जोरात वर केला की शेजाऱ्याची टोपी उडाली.

"ताई, हे काय शाळेत हजेरी दिल्यासारखं?"

"गप. साहेबांची सही आहे."

शनिवारी खुर्च्यांवर पाहुणे बसले. साहेब सात नंबर घेऊन पालथे झाले. वैदीणबाई दहा पावलं मागं उभी होती. तिच्या खिशात बदलीचा कागद होता, आणि मुठीत तीन ठिपक्यांचं मॅगझिन उगाचच घट्ट धरलेलं.

साहेबांनी मूठ ओढली. हात मूठ धरूनच पुढं निघाला. मग बहुधा स्वतःची सही आठवली असावी. साहेबांनी मूठ एकदम सोडली, जणू चटकाच बसला, आणि हात वर केला. रायफलीनं खडाक् आवाज केला. त्या आवाजानं साहेब स्वतःच दचकले.

"तयार," ते पुटपुटले.

"ऐकू आलं नाही, साहेब!" मागून वैदीणबाई.

"तयार!"

दहा गोळ्या. सगळ्या सुटल्या. साहेब उठले ते धुळीनं माखलेले आणि पोरासारखे खुशीत. "ताई! काय बदललंत हिच्यात?"

"एक जुनी सवय होती, साहेब. मोडली."

"रायफलींनाही सवयी असतात?"

"माणसांच्या संगतीनं लागतात."

साहेब हसता हसता थांबले. आपल्या उजव्या हाताकडं क्षणभर बघितलं, आणि पाहुण्यांकडं गेले.

संध्याकाळी ते पुन्हा घरी आले. पुन्हा बिस्किटं. सासूबाईंनी मान वळवून सुनेला बजावलं, "आधी दूध झाकून ये."

साहेबांनी बदलीचा कागद परत मागून घेतला, चार तुकडे केले, खिशात घातले. चहा पिऊन उठले. दारापाशी जाऊन थबकले. खटक्याची जीभ बोटानं आत-बाहेर करून पाहिली. मग बाहेर पडले, दार आपल्याकडं ओढलं आणि सोडून दिलं.

धाडकन दार बसलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. पलीकडून बोका जीव मुठीत घेऊन पळाल्याचा आवाज आला, आणि जिन्यातून साहेबांचा खणखणीत आवाज:

"तयार!"

सासूबाईंनी छातीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "आता त्याच्या बायकोचं काय होणार गं?"