ऊन दाखवलेली कॅसेट

बाळांनो, गेल्या महिन्यात फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, आजोबांचा आवाज कसा होता गं?" मी ऐटीत म्हटलं, "ऐकवतेच की. तुमच्या आईच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट मी जपून ठेवली आहे." त्या फुशारकीचं काय झालं ते आत्ताच लिहून कळवते. फोनवर तुम्ही हसत सुटाल आणि मला पुढचं सांगता येणार नाही.

वस्तू जपणं मला कुणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती. दर उन्हाळ्यात साताऱ्याच्या घराच्या गच्चीवर डाळी, मिरच्या, लोकरीचे कपडे यांना ऊन दाखवताना मी त्या कॅसेटलाही दाखवत असे. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून. स्वच्छ पंचावर, खोक्यातून काढून. दुपारी उलटवतही असे, दोन्ही बाजूंना सारखं ऊन लागावं म्हणून.

व्हीसीआरमधलं चित्र लॅपटॉपवर उतरवून घेणारी एक छोटी डबी मागवली. तिच्या इंग्रजी सूचना वाचून महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलने रेघा मारल्या. चालणारा व्हीसीआर सांगलीहून माझी नणंद घेऊन आली. वायरी जोडल्या, कॅसेट घातली. पडद्यावर नुसते वळवळणारे पट्टे आले. मी वायरी काढून परत जोडल्या, सूचना परत वाचल्या. शेवटी नणंदेने कॅसेटच बाहेर काढून उजेडात धरली. कड वाकली होती आणि आतल्या फितीला चुण्या पडल्या होत्या.

"वैनी, हिला काय केलं तुमी?"

"काही नाही. दर वर्षी ऊन दाखवत होते."

"आवं, कॅसेट हाय का कुरडई?" तिला हसू आवरेना. "आता तळून बघा, फुलंल!"

इंग्रजीत एम.ए. झालेली ही बाई त्या चुण्या बोटाने सरळ करू लागली. मला हसू येईना. मोबाइल घरात यायच्या आधीच तुमचे आजोबा गेले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. माझा चेहरा बघून नणंद थांबली.

"असं तोंड करू नगा. पोरीच्या लग्नानंतर तुमीच मला अशीच एक दिली न्हवती का? माळ्यावर आसंल कुठंतरी."

'कुठंतरी' या शब्दावरून मी तिला आयुष्यभर बोलत आले आहे. या वेळी व्हीसीआर, डबी आणि लॅपटॉप पिशवीत भरून तिच्याबरोबर सांगलीला गेले.

कॅसेट मिळाली बिघडलेल्या मिक्सरच्या खोक्यात, लोकरीच्या गुंड्यांखाली, उघडी आणि चिठ्ठी न लावलेली. घातली, तशी लगेच लागली. पण त्या काळच्या रीतीप्रमाणे कॅमेरावाल्याने सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी चढवली होती. मंगलाष्टकांवर गाणं, सप्तपदीवर गाणं. आजोबा कुणाशी तरी बोलायला तोंड उघडत, आणि गायिकेचा आवाज येई. मी स्पीकरला कान लावून बसले होते.

पंगतीपाशी कॅमेरावाल्याकडची गाणी संपली असावीत. ताटवाट्यांचा आवाज आला, आणि पाठोपाठ तुमचे आजोबा, एका पाहुण्याचा खांदा दाबून:

"आवं पाव्हणं, उठता काय? बसा! जिलबी यायची हाय अजून!"

"वाढवा आवाज," नणंद म्हणाली. मी वाढवला. मग तिने तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला, आणि पुन्हा.

माझी कॅसेट गेली. तिच्या कॅसेटमधले रंग विटले आहेत, आजोबांचा चेहरा ओळखू येण्यापुरताच दिसतो. पण पंगतीतलं त्यांचं ते बोलणं शब्दन् शब्द स्पष्ट राहिलं आहे. त्याची फाइल तुमच्या आईला पाठवली आहे.