लिलावात गेलेला तंबू

शेवगावच्या बाजारतळावर तो फुटाणे विकायचा. एके काळी त्याचा तमाशा बघायला लांबलांबून गाड्या जुंपून माणसं यायची. दुष्काळात फडाचं दिवाळं निघालं आणि तंबूही लिलावात गेला. जिथं तो तंबू उभा राहायचा, त्या मोकळ्या जागेच्या कडेलाच तो बसायचा. येता-जाता ठरावीक ठिकाणी पाय उंच उचलायचा. मला त्याची कीव यायची.

एकदा मी तिथूनच सरळ निघालो, तर म्हणाला, "जपून मास्तर, तंबूचा दोर हाय तितं."

"तंबू तर विकला ना?"

"कापड गेलं," तो शांतपणे म्हणाला.

तेवढ्यात परगावची एक बैलगाडी आली. नेमक्या त्याच जागी बैल थबकले, पाय उंच उचलून पुढं गेले.

मी वळसा घालून गेलो.