वाकळीचा घास

आमच्या बेंबळी गावात मुक्तामावशींच्या हातची वाकळ अंगावर न घेता मोठं झालेलं माणूस शोधायला निघालात तर दमाल. मराठ्यांच्या घरात, लिंगायतांच्या घरात, मशिदीमागच्या गल्लीत, सगळीकडं त्यांचे टाके आहेत. जुनी लुगडी, धोतरं, विटलेली पोलकी एकावर एक अंथरायची, वरून रंगीत ठिगळं मांडायची आणि कडेपासून आत बारीक टाके घालत यायचं, हे काम त्यांनी पन्नासेक वर्षं केलं. आता त्या पंचाहत्तरीला टेकल्यात. डाव्या डोळ्यानं दिसत नाही, उजव्यानं दिसतं ते धुरकट. तरी यंदा त्यांनी एक वाकळ शिवायला घेतली, नात रोहिणीसाठी. ही आपली शेवटची, हे त्यांना ठाऊक होतं, आणि ती स्वतःच्या हातानं घास घालून मिटायची एवढंच त्यांना हवं होतं. त्यावरून त्यांच्या घरात चार दिवस अबोला झाला.

घास म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्याकडच्या जुन्या बायका वाकळ पुरी शिवून टाकत नसत. एक कोपरा वीतभर उघडा ठेवायच्या. त्याला वाकळीचं तोंड म्हणायचं. सगळं शिवून झालं की त्या तोंडात अन्नाचा एक तुकडा घालायचा आणि मग तोंड मिटायचं. वाकळ उपाशी राहिली तर तिच्याखाली निजणाऱ्याला ऊब मिळत नाही, अशी समजूत. आमच्या घरी ज्वारीच्या भाकरीचा तुकडा असे, हळद-कुंकू लावून. लिंगायतांकडे हुग्गीतले, म्हणजे गव्हाच्या खिरीतले, चार दाणे. मशिदीमागच्या महेबूबबीच्या घरी खारकेची फोड.

मुक्तामावशी बौद्ध. वाकळ शिवायच्या त्या, आणि घास घालायची ती घरची बाई. माझी आई, कमलबाई, शेवटच्या दिवशी दुपारी त्यांना म्हणायची, "मुक्ते, आता तू जरा अंगणात बस. तेवढं आमचं आमी करतो." मुक्तामावशी सुई पदराला टोचून उठायच्या. थोड्या वेळानं आई त्यांना वरून भाकरी-कालवण वाढायची आणि त्या आपल्या घरी जायच्या. यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही. ज्या कापडावर आम्ही निजणार त्याला त्यांचा हात सगळीकडून लागलेला चालत होता, बोटभर भाकरीला चालत नव्हता. मी स्वतः त्यांना दहावी झाल्यावरही "ए मुक्ता" म्हणत होते. गावच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले तेव्हा कुठं माझ्या तोंडात "मावशी" आणि "तुम्ही" आलं. हे लिहिताना मान खाली जाते, पण ते टाळून मुक्तामावशींबद्दल लिहिणं म्हणजे थापा मारणं होईल.

त्यांचं माहेर मुरूमच्या पलीकडं, कर्नाटकाला चिकटलेलं. घरात मराठी, रानात कन्नड. वाकळ शिवायला त्या आईकडून शिकल्या आणि लग्न होऊन बेंबळीला आल्या ते सुया घेऊनच. सुगी सरली की त्या निघायच्या. आधी गावातली घरं, मग आसपासची, आणि चैत्रात माहेरच्या बाजूनं पार आळंदपर्यंत. तिकडं वाकळीला कौदी म्हणतात, सुईला सूजी आणि घासाला तुत्तु. कौदीच्या चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लागतात. महेबूबबीला फुलं चालायची, पण मोर-पोपट नको. ती म्हणायची, "मुक्ता, चौकडीच डाल. और धागा जरा मोटा होना." आमच्या आईला मात्र मधोमध मोर हवाच असे. या बाई जिथं जातील तिथलं बोलायच्या, तिथल्यासारखं शिवायच्या. कुणाची कोणती रीत यात त्यांची कधी गल्लत झाली नाही.

खाण्याचंही तसंच. महेबूबबीकडं खिचडी आणि चिंचेचं खट्टं असायचं, ते त्या अजून जिभल्या चाटत सांगतात. आळंदच्या बाजूला शांताक्का म्हणून एक लिंगायत बाई होत्या. त्यांच्याकडे कडक भाकरी व्हायची, पापडासारखी पातळ, महिनोन्‌महिने टिकणारी. मुक्तामावशींनी ती शिकायची म्हटलं. शांताक्कांनी काही त्यांना चुलीशी येऊ दिलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. अंगणात तीन दगड मांडून दिले, पीठ दिलं आणि स्वतः उंबऱ्यात बसून ओरडत राहिल्या, "इन्नू तेळ्ळगे, मुक्ता, इन्नू तेळ्ळगे." आणखी पातळ, आणखी पातळ. आठ दिवसांनी भाकरी जमली. शांताक्कांनी ती लांबून बघितली, चांगली झाली म्हणाल्या, खाल्ली मात्र नाही. हे सांगताना मुक्तामावशींच्या आवाजात राग नसतो. मला तो येतो, आणि तो येतो म्हणून मी काही मोठी होत नाही. आमच्या घरीही कुणी खाल्ली नसती.

राग होता तो तात्यारावांना, त्यांच्या आता हयात नसलेल्या नवऱ्याला. तात्याराव ग्रामपंचायतीच्या टाकीचं पाणी सोडायचे. त्यांच्या वडलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि घरातले देव विहिरीत सोडले. तात्याराव त्याहून कडक. बायकोनं शिवायला जाऊ नये असं ते म्हणाले नाहीत, कारण हातातलं काम हे काम. पण ते म्हणायचे, "तुला भाईर बसवून जे करत्यात, ते माझ्या घरात हुनार न्हाय." म्हणून त्यांच्या घरातली प्रत्येक वाकळ कोपरा न ठेवता सरळ शिवली गेली. मुलगा सुगत जन्मला तेव्हाची, त्याची मुलगी रोहिणी जन्मली तेव्हाची, सगळ्या. दुसऱ्यांच्या घरी घास घालायला मुक्तामावशींना मनाई, आपल्या घरी घासालाच मनाई.

मागच्या वर्षी पुण्याहून दोन मुली आल्या, लोककलांची माहिती गोळा करत. मोबाइल तिकाटण्यावर लावून त्यांनी सगळं चित्रित केलं. मुक्तामावशी हौसेनं दाखवत होत्या, ठिगळ कसं दुमडायचं, टाका कसा ओढायचा. मुलींनी कुठूनसं घासाचंही ऐकलं होतं. एकीनं विचारलं, "आजी, तो शेवटचा घास कसा घालता, ते दाखवाल?" मावशी उठल्या आणि चहा टाकायला गेल्या. मला वाटलं, दमल्या असतील. मुली गेल्यावर मात्र त्या बराच वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

यंदा रोहिणीला गुलबर्ग्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला. त्याच दिवशी मुक्तामावशींनी ट्रंकेतून तात्यारावांची दोन धोतरं आणि स्वतःची लुगडी काढली. मी रोज शाळेला जाण्याआधी त्यांच्याकडं जाऊन वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवायचे. संध्याकाळी गेलं की वीसही रिकाम्या झालेल्या असायच्या. दिसत नव्हतं, तरी टाका बोटानं चाचपून जागेवर पडायचा. शिवता शिवता नातीची शिकवणी चालायची.

"नोवु म्हंजी दुखणं. एल्ली नोवु, कुठं दुखतंय. हे पयलं पाठ कर. बाकीचं मागनं."

"आजी, तिथं सगळे हिंदी बोलतात."

"म्हातारी माणसं दुखल्यावर हिंदीत रडत न्हाईत." रोहिणी हसली, पण वहीत लिहून घेतलं.

वाकळ संपत आली आणि सुगतच्या लक्षात आलं की एक कोपरा उघडा आहे. सुगत एसटीत कंडक्टर. तो आणि मी एका वर्गात होतो, पण तो मला "मॅडम" म्हणतो आणि मी कितीही सांगितलं तरी सोडत नाही. त्या दिवशी मी सुया ओवत होते. माझ्यादेखतच तो बोलला.

"आई, हे तोंड कशाला ठेवलंय?"

"घास घालायचाय."

"बाबांनी ह्या घरात घास-बीस हू दिला न्हाय. ज्यांनी तुला अंगणात बसवलं त्यांचंच घरात आणतीस व्हय?"

"त्यांचं कसं रं? वाकळ कुणी शिवली?"

"शिवली तू. घास त्यांचा."

"म्हणूनच तर," मुक्तामावशी म्हणाल्या.

सुगत माझ्याकडं न बघता बाहेर निघून गेला. तो चुकीचं बोलला असं मला म्हणता येत नाही. बापानं ताठ मानेनं सोडलेली गोष्ट आईनं उचलून आणावी, हे त्याला सोसत नव्हतं. आणि मावशींचंही चूक नव्हतं. वाकळीचं सगळं काम त्यांच्या हातातून गेलेलं, शेवटचं तेवढं राहिलेलं. मी दोघांच्या मध्ये सुया ओवत बसले, दुसरं काय करणार? ज्या घरातून हा तंटा निघाला, त्याच घरातली मी.

पुढचे चार दिवस मायलेक एकमेकांशी बोलले नाहीत. जेवायला हाका मारायच्या त्या रोहिणीनं. वाकळ शिवून झाली होती, उघडा कोपरा तसाच. रविवारी सकाळच्या गाडीनं पोरगी जाणार, आणि कोपरा मिटला नाही तर वाकळ इथंच राहणार, असं मावशींनी सांगून टाकलं. उघड्या तोंडाची द्यायची नाही, आणि उपाशी मिटायची नाही.

शनिवारी चारच्या सुमारास मी गेले तेव्हा घरात कडक भाकरीचा खरपूस वास होता. मावशींनी एकच भाकरी केली होती आणि निखाऱ्यावर वाळवून ताटलीत ठेवली होती. रोहिणी बॅग भरत होती.

"आजी, मुंग्या लागतील तिला. हॉस्टेलवाले फेकून देतील."

"कडक भाकरीला लागत न्हाईत. म्हणून तर केली."

सुगत ड्युटीवरून आला. वर्दीतच दारात उभा राहिला. ताटली बघितली, आईच्या मांडीवरचा कोपरा बघितला. मग म्हणाला, "हळद-कुंकू न्हाय. हात जोडायचं न्हाय."

"न्हाय जोडत," मावशी म्हणाल्या. "देवाला न्हाय देत म्या, सुगत. माझ्या पोरीला देतीय."

तो तिथंच दाराशी खाली बसला आणि बुटाची नाडी सोडू लागला. मावशींनी ताटली जवळ ओढली. आणि मी उठले. का उठले ते मलाही कळलं नाही. घास घालायची वेळ झाली की कुणीतरी बाहेर जायचं, एवढंच अंगात मुरलेलं असावं. मी म्हटलं, "मी अंगणात बसते."

"बस की इथंच," मावशी म्हणाल्या. "तुझं काम हाय." मी पुन्हा बसले. त्यांनी भाकरीवरून हात फिरवला, थांबल्या. मग माझ्याकडं तोंड करून हळूच विचारलं, "शिवकन्या, घास केवढा घालत्यात गं? कमलबाई केवढा घालायच्या?"

सुगतचा हात नाडीवरच थांबला. चार गावं, तीन बोल्या, शेकडो वाकळी, आणि या बाईनं तो घास कधी पाहिलेलाच नव्हता. आमच्याकडं अंगणात बसवलं, शांताक्कांकडं तेच, आणि महेबूबबी खारीक घालायची ती शुक्रवारी, मावशी निघून गेल्यावर. दरवेळी आत एक गोष्ट व्हायची आणि बाहेर त्या बसून असायच्या. मी मात्र आईच्या गुडघ्याशी बसून ती इतक्यांदा बघितली होती की कंटाळा यायचा.

मी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं. त्यांना ते दिसलं नाही. त्यांनी माझा हात धरला आणि बोटांमधली जागा चाचपून बघितली. नखाएवढी जागा.

"एवढुसाच?"

"एवढाच मावशी."

त्या थोडा वेळ माझी बोटं धरून राहिल्या. मग सोडली.

"लांब चाललीय पोरगी," त्या म्हणाल्या. "एवढ्यानं काय हुतंय तिचं?"

त्यांनी भाकरी मधोमध मोडली, अर्ध्याचं पुन्हा अर्धं केलं, आणि ती अख्खी चतकोर वाकळीच्या तोंडात सारली. कोपरा फुगला, कडा जुळेनात. सुगत उठून आला, आईसमोर मांडी घालून बसला आणि दोन्ही कडा चिमटीत घट्ट धरून राहिला. मी सुई ओवून मावशींच्या हातात दिली. त्यांनी त्याची बोटं चुकवत तोंड मिटायला घेतलं.