भावी दंतवैद्य

दहावीनंतर एका समाजसेवी क्लबच्या शिष्यवृत्तीची मुलाखत द्यायला मी हुपरीहून एसटीने कोल्हापूरला आले. शिवाजी पेठेत एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर क्लबचा हॉल होता. माझ्या आधी दोघांचे नंबर होते आणि दार उघडंच असल्यामुळे त्यांची उत्तरं बाहेरच्या बाकावर स्पष्ट ऐकू येत होती. पहिला म्हणाला, डॉक्टर. दुसरी म्हणाली, इंजिनिअर. झालं, संपलं. माझ्यासाठी काही उरलंच नाही, असं मला वाटलं. एकाने उचललेल्या वस्तूला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा आम्हा चार भावंडांच्या घरातला कायदा होता आणि तो जगभर लागू असतो अशी माझी समजूत होती. आत गेल्यावर टेबलामागच्या पाच माणसांनी विचारलं, "बाळ, तुला काय व्हायचंय?" जिना चढताना वाचलेली खालच्या दवाखान्याची पाटी माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मी म्हणाले, "दातांची डॉक्टर."

त्या पाटीचे मालक त्या पाचांतच बसले होते. ते खुर्चीतून उठलेच. "गेल्या कितीतरी वर्षांत हे उत्तर देणारी ही पहिली पोर," असं म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या मोठ्या माणसांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवण्याची ती पहिलीच वेळ. मला फार छान वाटलं, हे मी लपवणार नाही.

मला काय व्हायचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. हुपरीतल्या घराघरांसारखं आमच्याकडेही अव्वा आणि अप्पा, म्हणजे आई-वडील, भट्टीच्या धुरात बसून चांदीचे पैंजण जोडायचे. मी शाळेच्या जुन्या पेपरांच्या पाठकोऱ्या बाजूवर पैंजणांच्या नक्षी काढायचे. एकदा अप्पांनी त्यातल्या एका नक्षीचा जोड करून पाहिला आणि व्यापारी तो उचलून घेऊन गेला. ही नक्षी कुणाची, असं त्याने विचारलंसुद्धा नाही. तरी मी आठवडाभर जमिनीच्या चार बोटं वरून चालत होते. पण हे मुलाखतीत कसं सांगणार? ज्या धुरातून मुलीला बाहेर काढायचं म्हणून अव्वाने अर्ज भरायला लावला होता, त्याच धुरात मला परत बसायचंय, असं सांगितलं असतं तर शिष्यवृत्ती राहिली बाजूला, अव्वाने मला घरात घेतलं नसतं.

क्लबचा रिवाज असा की निवडलेल्या प्रत्येक मुलामागे एक सभासद 'पालक' म्हणून द्यायचा. माझे पालक अर्थातच डॉक्टर झाले. दर वर्षी पावसाळ्यात कृतज्ञता मेळावा व्हायचा. त्यात मुलांचे फोटो असलेला मोठा फलक लागायचा. माझ्या फोटोखाली 'भावी दंतवैद्य' असं छापलेलं असायचं. मग आई-वडिलांना स्टेजवर बसवायचं आणि मुलाने मनोगत वाचायचं. मनोगत आधी तपासून घ्यावं लागे. पहिल्या वर्षी माझा कागद वाचून सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "छान आहे, पण आईच्या हाताला चटके बसतात ते राहिलंच की गं. ते घाल, लोकांना भिडतं." मी घातलं. अव्वा स्टेजवर आपले हात पदराखाली लपवून बसली होती. त्या दिवशीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

असा फलक आठ वर्षं लागला. अकरावी-बारावी, मग प्रवेश, मग कॉलेज. दर वर्षी फोटो बदलायचा, खालचे दोन शब्द तेच. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एकदा धीर करून डॉक्टरांना म्हणाले होते, "मला हे जमंल असं वाटत नाही." त्यांनी माझे हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. "हुपरीचे हात आहेत हे. तुला नाही जमणार तर कुणाला जमणार? आणि अगं, एवढी माणसं तुझ्यासाठी धडपडतायत, त्यांना काय वाटेल?" त्याच महिन्यात मला टायफॉइड झाला. त्यांनी मला हॉस्टेलवरून स्वतःच्या घरी आणलं आणि काकूंनी पंधरा दिवस पेज करून घातली. डॉक्टर थोडे जरी वाईट असते ना, तर मी कधीच निघून गेले असते. पण तो माणूस जन्मात कधी माझ्याशी आवाज चढवून बोलल्याचं मला आठवत नाही, आणि याचाच मला संताप यायचा. मग संतापाची लाज वाटायची आणि त्या लाजेपोटी मी आणखी अभ्यास करायचे.

आता सात वर्षं झाली, मी त्यांच्याच दवाखान्यात आहे. दाढा काढते, तारा बसवते, कवळ्या करते. काम वाईट करत नाही. पेठेत फुटबॉलचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी दात हलवत पोरं येतात आणि ऊं-ऊं करत कुणी फाऊल केला ते सांगतात. "पावणं, तोंड उघडायचं, बोलायचं न्हाय," असं मीही आता दरडावते. डॉक्टरांचा हात थरथरायला लागल्यापासून ते औजाराला हात लावत नाहीत. बाहेर खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याला सांगतात, "आत जावा. माझी पोरगी आहे आत." दिवसभर मी लोकांच्या तोंडात वाकून बघते आणि संध्याकाळी मान वर केली की खिडकीबाहेर समोरच्या घराची भिंत दिसते.

नोकरीला लागल्यावर क्लबने मला सभासद करून घेतलं आणि या वर्षी मुलाखत घेणाऱ्या पाचांत बसवलं. राधानगरीच्या पुढच्या एका वाडीतून एक मुलगी आली होती. मार्क उत्तम. घरी दोन म्हशी, आई डेअरीला दूध घालते, आणि ती रोज दीड तास चालून शाळेला गेलेली. सगळा अर्ज सुवाच्य अक्षरात भरलेला, फक्त 'ध्येय' हा रकाना कोरा. अध्यक्षांनी विचारलं, "बाळ, हे राहिलं वाटतं. तुला काय व्हायचंय?"

"अजून ठरलं न्हाय," ती म्हणाली.

"न ठरवून कसं चालेल? काहीतरी स्वप्न असेल ना?"

"असंल की. पर अजून म्हाईत न्हाय."

टेबलामागे खुर्च्या कुरकुरल्या. ध्येय बघूनच आमच्याकडे पालक ठरतात, त्यामुळे कोऱ्या रकान्याला शिष्यवृत्ती देण्याची सोयच नव्हती. अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावायला घेतलं. मुलगी घाबरली असेल, पाणी पाजून आणते, असं म्हणून मी तिला बाहेर नेलं आणि त्याच जुन्या बाकाजवळ तिच्या कानात सांगितलं, "नर्स म्हण. नुसतं म्हणायचं. नाहीतर हे दुसऱ्याला देतील." तिने माझ्याकडे पाहिलं. ती काही घाबरलेली वगैरे नव्हती. आत जाऊन म्हणाली, "नर्स." टाळ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "आता हिची पालक आमची पोरगी." पुन्हा टाळ्या झाल्या. आपण एका मुलीचं भलं केलं, या आनंदात मी त्या दिवशी जेवताना दोनदा वाढून घेतलं.

पंधरा दिवसांनी ती भर दुपारी दवाखान्यात आली. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून पेशंटच्या खुर्चीत बसली.

"ताई, त्ये नर्सचं काढून टाका."

"मग काय लिहू?"

"कायबी नका लिवू. मला खरंच म्हाईत न्हाय की. म्हाईत नसताना फोटो लावून घ्यायचा म्हंजे कसं?"

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आता नीट सुचतं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं ते असं, "अगं, एवढी माणसं तुझ्यासाठी धडपडतायत, त्यांना काय वाटेल?" बोलताना माझा आवाजसुद्धा डॉक्टरांसारखा मऊ झाला होता. ते माझं मलाच ऐकू आलं, पण शब्द सुटून गेले होते. ती म्हणाली, "बरं, येतो मी," आणि राधानगरीची गाडी गाठायला निघून गेली. मी हात धुतले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मग मात्र ठरवलं, मेळाव्यात माईकवर उभं राहून खरं सांगायचं. हे उत्तर तिचं नाही, माझं आहे. रकाना कोरा ठेवा आणि तिला तशीच शिकू द्या.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला सांगितलं, की आज ते स्टेजवरून जाहीर करणार आहेत. दवाखाना माझ्या नावावर. "हे सगळं तुझंच," म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. त्यांना वाटलं आनंदाने.

हॉल गच्च भरला होता. फलकावर त्या मुलीचा फोटो होता, खाली 'भावी परिचारिका'. क्लबची माजी विद्यार्थिनी म्हणून माझं नाव पुकारलं तेव्हा मी ठरवलेलं पहिलं वाक्य घोकत माईकपाशी गेले. समोर पहिल्या रांगेत अव्वा-अप्पा, त्यांच्या शेजारी डॉक्टर. डॉक्टरांनी आपला थरथरणारा हात दुसऱ्या हाताने मांडीवर दाबून धरला होता आणि ते माझ्याकडे बघून हसत होते. मी तोंड उघडलं आणि आठ वर्षं पाठ असलेलं मनोगत बाहेर आलं. चटक्यांसकट. लोकांना भिडलं. मी खाली येऊन बसले तेव्हा लोक पाठीवर शाबासकी देत होते. लगेच डॉक्टरांनी स्टेजवर जाऊन दवाखान्याचं जाहीर केलं आणि पुन्हा टाळ्या झाल्या.

मग तिची पाळी आली. तिचं मनोगत मीच लिहून दिलं होतं. तिने तो कागद घडी घालून मुठीत ठेवला.

"नमस्कार. मी नर्स व्हणार न्हाय. त्यादिवशी मी तसं बोललो, त्ये खरं न्हवतं. मला काय व्हायचंय त्ये मला म्हाईत न्हाय. म्हाईत झालं की मी येतो. तवा शिष्यवृत्ती असली तर द्या, नसली तर ऱ्हाऊ द्या. माझा त्यो फोटो तेवढा काढा."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष उभे राहिले. "मग त्या दिवशी नर्स असं कुणी सांगायला लावलं तुला?"

तिने माझ्याकडे बघितलं असतं तरी चाललं असतं. तिने मुद्दाम दुसरीकडे बघितलं. "कोण का असंना," म्हणाली. "बोललो तर मीच की."

मी उठले नाही. एवढंच लिहायचं म्हणून हे सगळं लिहायला घेतलं होतं. खुर्चीवरून उठायला कितीसा वेळ लागतो? मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि एक सोळा वर्षांची पोर मला पाठीशी घालत होती, आणि मी तिला घालू दिलं.

पुढच्या बैठकीत तिची शिष्यवृत्ती यादीतल्या दुसऱ्या मुलाला द्यायचं ठरलं. आमच्याकडे सगळे ठराव हात वर करून एकमताने होतात. माझाही हात वर गेला. जिना उतरताना डॉक्टर माझ्या खांद्याचा आधार घेत हळूच म्हणाले, "तूच सांगितलं होतंस ना तिला?" मी हो म्हणाले. वाटलं, आता तरी हे रागावतील, काहीतरी तुटेल. ते म्हणाले, "चांगलंच केलं होतंस. या वयात पोरांना कळत नसतं." आणि खाली पोचेपर्यंत माझा खांदा थोपटत राहिले.

त्यानंतरच्या रविवारी तिचा फोन आला. राधानगरीच्याच कॉलेजात तिने अकरावीला नाव घातलं होतं. सकाळी म्हशींचं आवरून जाते, पाऊस दणकून लागलाय, एक म्हैस आटलीय, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "ताई, माझ्यापायी तुमच्यावर कोण रागावलं न्हाय न्हवं?"

"नाही गं. कुणी नाही."

"मग बरं," ती म्हणाली. "तुमालाबी कुणीतरी असंच कायतरी बोलाय लावलं असणार, व्हय की न्हाय?"

मी आटलेल्या म्हशीचं विचारायला लागले. तिला तेवढं पुरलं.

"मग तुमी कवा सुटणार?"

"बघू."

"बघू न्हाय, ताई. वार सांगा."

मी हसण्यावारी नेलं. तिने नेऊ दिलं नाही. तेव्हापासून ती दर रविवारी फोन करते. आधी म्हशींचं सांगते, कॉलेजातलं सांगते, आणि ठेवायच्या आधी विचारते, "वार ठरला का?" एकदा मी दिवाळीनंतर म्हणाले, एकदा डॉक्टरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर म्हणाले. ती नुसतं "बरं" म्हणते.

गेल्या रविवारी मी हुपरीला होते. अव्वा शेजारी बसून घुंगरू ओवत होती. फोन वाजला, पडद्यावर तिचं नाव आलं, आणि मी तो वाजून वाजून बंद होईपर्यंत बघत राहिले. अव्वाने मान वर न करता विचारलं, "कुणाचा गं?"

"पेशंटचा," मी म्हणाले.