तीन खाचांचा खलाशी

थळच्या कोळीवाड्यात राही दिसायच्या आधी ऐकू यायची. डोक्यावर मासळीची पाटी, तोंडाचा पट्टा सुरू आणि मागे चार-पाच कुत्री, अशी तिची वरात रोज सकाळी अलिबागच्या बाजाराकडे निघे. कुत्री वेशीपर्यंत पोचवायला जात आणि दुपारी ती परतली की तिथेच वाट बघत बसलेली असत. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा सासूने चार घरी सांगून ठेवलं होतं की सून कामाला वाघ आहे, फक्त एवढं एक खूळ आहे. पुढे पुढे सासूने सांगणंच सोडलं, कारण खूळ घरात मावेना.

खूळ असं की दुखावलेलं जनावर दिसलं की राहीचा पाय पुढे पडत नसे. तिच्या पडवीत एका डोळ्याने आंधळा बोका होता, शिंग मोडलेली शेळी होती आणि पंख लुळा पडलेला एक बगळा होता. हा बगळा कुणाच्याही ताटातला बोंबील विचारल्याशिवाय उचलायचा आणि वर ताटाच्या मालकाकडेच रागाने बघायचा. राहीचा नवरा चांगदेव हा होडीचा तांडेल, म्हणजे खलाशांचा पुढारी. दर्या खवळला तरी त्याचा आवाज चढत नसे, तो घरी आल्यावर चढे.

"घरात मानसांनी निजायचं कुठं, तेवढं सांग!"

"होडीत निजा," राही चुलीपुढून म्हणे. "तिथं बोका न्हाय."

एकतीस सालची होळी नुकतीच झाली होती. एका दुपारी चांगदेवची होडी ओंडक्यांवरून वर ओढताना एक ओंडका सटकला आणि होडीच्या सावलीत झोपलेल्या तांबूस कुत्र्याचा पुढचा पाय त्याखाली आला. हा कुत्रा कुणाचाच नव्हता. किनाऱ्यावरची कुत्री किनाऱ्याचीच असतात, पण हा नेमका याच होडीच्या सावलीत झोपे. खलाशी म्हणाले, आता हा जगत नाही.

राही धावत आली आणि तिला जे ठाऊक होतं ते तिने केलं. कोळीवाड्यात मोडलेली, फुटलेली, गळणारी वस्तू दुरुस्त करायची एकच रीत. होडीच्या फटीत कापूस ठासतात आणि वरून तेलात कढवलेली राळ फासतात. राहीने बांबूच्या दोन कामट्या लावल्या, कापूस गुंडाळला आणि राळ ओतली. ओतण्याआधी ती कोमट होऊ दिली, एवढी अक्कल देवाने तिला दिली म्हणायची. संध्याकाळपर्यंत पाय असा कडक झाला की कुत्रा तो वल्ह्यासारखा आडवा पुढे धरून चालू लागला. ज्याच्या नडगीला तो पाय लागला तो ओरडला, आणि त्या ओरडण्यातच कुत्र्याचं नाव पडलं, वल्ह्या. दोन दिवस सगळा कोळीवाडा पोट धरून हसत होता.

तिसऱ्या दिवशी राळेच्या वरचा पाय सुजला. वल्ह्याने बोंबलाकडेही पाहिलं नाही, आणि हसणं थांबलं. आपल्याच हाताने आपण त्याला मारलं, असं राहीला वाटलं.

तिने पाटी रिकामी केली, वल्ह्याला आत घातलं, वर ओलं फडकं टाकलं आणि तडक अलिबागची वाट धरली. वाटेत नेहमीच्या गिऱ्हाईक बामणीणबाईंनी हाक मारली, "काय गं आणलंस आज?" आणि उत्तराची वाट न बघता फडकं उचललं. वल्ह्याने अंगात त्राण नसतानाही त्यांचं मनगट चाटलं. त्या बाई पुढे आठवडाभर मासळीवालीशी बोलल्या नाहीत.

अलिबागला गुरांचा दवाखाना होता आणि तिथे हरेश्वर प्रधान नावाचा तरुण डॉक्टर नुकताच आला होता. बैल आणि टांग्याचे घोडे, एवढंच त्याच्याकडे येई. त्याने पाटीत डोकावलं, पायावर बोटाने टकटक केलं आणि चष्मा सारखा केला.

"बाई, हे कुणी केलं?"

"मीच."

"पण हे आहे काय?"

"होडीला करतात तेच, डाक्तर. चार वरसं पानी शिरत न्हाय."

डॉक्टर इतका हसला की त्याला चष्मा काढून पुसावा लागला. मग बाह्या सारून तो कोमट तेलाने राळ सोडवायला बसला. त्यात दोन तास गेले. पाय मोकळा झाला तेव्हा त्याचं हसू गेलं होतं.

"पाय वाचेल," तो म्हणाला. "पण दीड महिना दर चौथ्या दिवशी आणावं लागेल. इथलं सरकारी औषध बैलाघोड्यांसाठी. कुत्र्याचं औषध मुंबईहून रेवसच्या बोटीने मागवायचं, तेही विकत. मध्येच सोडलंत तर पाय सडेल आणि कुत्रा जाईल. मी खोटं सांगणार नाही."

"पैका न्हाय, डाक्तर. पापलेट हाय."

प्रधानांच्या घरात पापलेटाला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला आला नव्हता. डॉक्टरने मान डोलावली. त्याच्या आईने तर त्या दिवसापासून चौथ्या दिवसाचं वाटण आदल्या दिवशीच तयार ठेवायला सुरुवात केली.

पण पापलेट कुठून यायचं? चांगदेवच्या वाट्यातून. होडी किनाऱ्याला लागली की वाळूवर मासळीचे वाटे पडत. होडीचा एक, जाळ्यांचा एक, प्रत्येक खलाशाचा एक आणि तांडेलाचे दोन. ही रीत आजोबा-पणजोबांपासूनची. दर चौथ्या दिवशी त्यातलं सगळ्यात मोठं पापलेट नाहीसं होऊ लागलं. शिवाय डॉक्टर मिळाल्याच्या आनंदात राही एकट्या वल्ह्यावर थांबली असती तर ती राही कसली! तिने बोक्याचा डोळा दाखवला, शेळीचं शिंग दाखवलं, बगळ्यालाही काखोटीला मारून नेलं. बगळ्याने डॉक्टरचा चष्मा उडवला. त्याची भरपाई म्हणून एक हलवा मासा गेला.

तीन आठवडे चांगदेवने हे चालवून घेतलं. मग एका संध्याकाळी तो अंगणात उभा राहून असा गरजला की शेजारच्या चार आळ्यांना ऐकू गेलं.

"वाटा कोनाला? जो होडीवरचा, त्याला! कुत्र्याचा वाटा आजवर कुनी ऐकलाय? उद्यापासून एक मांदेली बी न्हाय देनार. मी तांडेल हाय, धर्मशाळा न्हाय!"

वल्ह्याच्या पायावर पांढरं प्लास्टर होतं आणि निम्मं औषध अजून बाकी होतं. त्यात दोन दिवसांनी दवंडी पिटली गेली. पलीकडच्या एका गावात पिसाळलेलं कुत्रं कुणाला तरी चावलं होतं. गुरुवारी जमादार बंदूक घेऊन येणार होता. ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आणि ज्याचा मालक नाव सांगेल ते सुटेल, बाकीची मरतील.

किनाऱ्यावर अठरा कुत्री होती आणि एकालाही मालक नव्हता.

गुरुवारी सकाळी होड्या खांदेरी बेटाच्या बाजूला गेल्या. बाया वाळत घातलेल्या बोंबलांखाली जमल्या. राहीची धाकटी जाऊ भागुबाई म्हणाली, "पट्टे आनायचे कुठून गो?" राहीने कोपऱ्यात पडलेल्या जुन्या बोयांकडे बोट केलं. बोया म्हणजे जाळं तरंगत ठेवणारा हलक्या लाकडाचा तुकडा. प्रत्येक होडीच्या बोयांवर तिची खूण कोरलेली असते, कुणाची फुली, कुणाचं वर्तुळ. चांगदेवच्या होडीच्या तीन खाचा. जाळं वाहत कुठेही गेलं तरी खूण बघून ते मालकाला परत करायचं आणि खुणेच्या मालकाने "माझं" म्हणून पुढे यायचं, हा दर्याचा कायदा. आपली खूण नाकारणारा तांडेल थळमध्ये आजवर झाला नव्हता.

मग काय! तासाभरात अठरा कुत्र्यांच्या गळ्यात सुतळीने अठरा बोये लटकले. कुत्री अंग झाडत आणि बोये खडखडत, किनाऱ्यावर जणू वाजंत्री लागली. हात चालतच होता म्हणून भागुबाईने बोक्यालाही एक बांधला, शेळीलाही बांधला. बगळ्याने बांधू दिला नाही.

जमादार आला तो घाटावरचा, घामाघूम झालेला. हे दृश्य बघून तो जागच्या जागी थांबला. पण हुकूम तो हुकूम. वही उघडून त्याने वल्ह्याकडे बोट केलं.

"हे कुणाचं?"

"त्या बोयावर ज्याची खूण, त्याचं," राही म्हणाली.

"वहीत खूण लिहायची नाही, नाव लिहायचंय. मालकाचं नाव?"

हा विचार कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि "अवो"च्या पुढे राही गेली नव्हती.

"आमचे हे," ती म्हणाली.

"हे कोण? तू सांग गं," जमादार भागुबाईला म्हणाला.

"अगं बाई! माजे मोठे दीर लागतात ते!" भागुबाईने पदर ओढला.

"तू?"

"माजे मामेसासरे," शेजारची नलू म्हणाली आणि फिसकन हसली.

पुढच्या कुत्र्यापाशी तेच, त्याच्या पुढच्यापाशीही तेच. नात्यात गुंतलेला कोळीवाडा, कुणी कुणाचं नाव घ्यायचं? बाया एकमेकींच्या अंगावर कोलमडून हसत होत्या, कुत्री खडखडत होती आणि जमादाराची वही कोरीच होती. त्याला स्वतःलाही घरी "अवो" याच नावाने ओळखत, त्यामुळे त्याला रागही धड येईना. पण ऊन चढलं तसा राग आलाच.

"बास! नाव नाही, तर मालक नाही," असं म्हणून त्याने बंदूक उचलली. प्लास्टरचा पांढरा पाय घेऊन पळू न शकणारा वल्ह्या सगळ्यात सोपा होता. जमादाराने वल्ह्यावरच नेम धरला. हसणं एकदम थांबलं.

"चांगदेव!" राही ओरडली. "चांगदेव कान्हा कोळी! चांगदेव!"

होड्या तेवढ्यातच किनाऱ्याजवळ आल्या होत्या. चांगदेवने आपलं नाव ऐकलं, बायकोच्या आवाजात. घरात कुणीतरी गेलं, त्याशिवाय ही नाव घेणार नाही! त्याने कमरेएवढ्या पाण्यात उडी घेतली आणि धडपडत, पाणी उडवत तो वर आला.

"कोन गेलं? आय बरी हाय ना?"

राही पदर तोंडावर ओढून पाठमोरी उभी होती, कान लालभडक.

"हे कुत्रं तुझं का?" जमादाराने विचारलं.

चांगदेवने कुत्र्याकडे पाहिलं. मग बोयाकडे, त्यावरच्या तीन खाचांकडे. त्याला सगळं समजलं. हो म्हटलं तर हा होडीचा माणूस आणि याला वाटा आला. चार आळ्यांना ऐकवलेला शब्द स्वतःच्याच खलाशांसमोर गिळायचा. आयुष्यात राही एवढी कधी घाबरली नव्हती.

"खूण माजी हाय," चांगदेव शेवटी म्हणाला. "म्हंजे खलाशी माजा हाय."

"खलाशी? काय काम करतो?"

"होडी राखतो. दुपारची. निजून."

नाव विचारल्यावर त्याने सांगितलं, वल्ह्या चांगदेव. जमादाराने ते निमूटपणे लिहून घेतलं. मग एकेक तांडेल पुढे आला आणि ज्याची त्याची खूण ओळखून घेऊ लागला. "ही फुली माजी." "हे वर्तुळ आमचं." शेळीलाही मालक निघाला, बोक्यालाही निघाला. जाताना जमादाराच्या हातात कुणीतरी पापलेटांची जोडी ठेवली आणि तो हसत हसत अलिबागला गेला.

त्या दिवशी वाळूवर वाटे पडले. होडीचा, जाळ्यांचा, खलाशांचे. चांगदेवने शेवटी आणखी एक वाटा घातला, पुरा. म्हातारा खलाशी भागोजी म्हणाला, "हा कोनाचा?"

"खलाशाचा," चांगदेव म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

शेजारच्या होडीवरही तसाच पडला, तिच्या शेजारीही. खूण मान्य केली होती, आता सुटका नव्हती. बायांनी ते सगळे वाटे एका पाटीत भरले. पुढे तिला मुक्यांची पाटी म्हणू लागले. ती रोज अलिबागला विकली जाई आणि त्या पैशातून रेवसच्या बोटीने औषधं येत. वल्ह्याचा पाय जुळला, जरासा वाकडा. डॉक्टरच्या सरकारी नोंदवहीत जनावराच्या प्रकाराचा रकाना होता. त्यात बैल, घोडा, बैल, बैल असं लिहीत आल्यावर त्याने एका ओळीत खलाशी असं लिहिलं. ते कुणी वरचा साहेब वाचेल याची त्याला फार दिवस धाकधूक होती.

वाटे पडल्यावर घरी जाताना चांगदेव राहीच्या मागून चालत होता. तो हळूच म्हणाला, "त्या वक्ताला काय म्हनालीस, परत म्हन की."

"कायच न्हाय म्हनलं मी."

"चौदा वरसांत पयल्यांदा ऐकलं गो. बरं वाटलं."

"मंग पुढच्या कुत्र्यावर बंदूक धरतील तवा," राही म्हणाली आणि भरभर पुढे गेली.

चार दिवसांनी चांगदेव रेवदंड्याहून परतला तो सदऱ्यात काहीतरी लपवून. पडवीत येऊन त्याने ते राहीसमोर खाली ठेवलं. मागचा पाय लंगडा असलेलं काळं पिल्लू होतं, थरथरत होतं.

"बंदूक न्हाय," तो ओशाळून म्हणाला, "पन कुत्रं आनलंय. आता म्हन."

राही खळखळून हसली आणि पिल्लाचा पाय बघायला खाली वाकली. नाव मात्र तिने घेतलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढे कधीच नाही. घेतलं असतं, तर त्याने पिल्लं आणायचं थांबवलं असतं.