चार टेकू

सुधाला हे माहीत नाही. आमच्या मुलाला, अमेयला, माहीत नाही. आणि ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं होतं त्या माणसाला तर नाहीच नाही. सहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडातून एकदाही बाहेर पडलं नाही — आणि आत्ता कागदावरही ते लगेच येत नाहीये, बघा. तुमच्याशी बोलतोय असं समजून लिहितो. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं.

सुधा म्हणजे माझी बायको. आत्ता ती स्वयंपाकघरात आहे. तिच्या काठीचा आवाज आला की मी कागद उलटा करतो. एकदा करून झाला.

कुठून सुरुवात करू? घरापासूनच करतो, ते सोपं आहे.

मी गणिताचा शिक्षक. एकतीस वर्षं संगमनेरकडच्या एका शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे, डोंगराच्या उतारावर लहानसं घर बांधलं. नगर जिल्हा म्हटलं की लोकांना कोरडी माळरानं आठवतात. आमचा कोपरा तसा नाही. इथे चार महिने पाऊस असा लागतो की बरणीतल्या मिठाचं पाणी होतं, दारं फुगून चौकटीत अडकतात, भिंतीला हात लावला तर हाताला ओल लागते. आणि मे महिन्यात दुपारनंतर कधीकधी असं वादळ सुटतं की कुणाच्या तरी घराचे पत्रे दुसऱ्याच्या भाताच्या खाचरात जाऊन पडतात.

घरामागच्या उतारावर डेक बांधायचं खूळ माझं. अमेयने पुण्याहून मोबाईलवर फोटो पाठवले होते — डोंगराच्या अंगाने उतरत गेलेले लाकडी ओटे, त्यावर खुर्च्या, समोर धरणाचं पाणी. पाणी आमच्याकडूनही दिसतं. मग आपल्याकडे का नको? मला तीन टप्पे हवे होते. वरचा मागच्या दाराशी, उंच खांबांवर. त्याच्या सावलीत अर्धा शिरलेला मधला. आणि खालचा जवळजवळ जमिनीलगत.

आजूबाजूला सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. किसनमामा सुतार. तेव्हा ते पासष्टीच्या पुढे असतील. बारीक अंग, कानावर पेन्सिल, चष्म्याला दोरा. डेक हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत उच्चारला नाही. शेतात राखणीला बांधतात तसा ते त्याला ‘माळा’ म्हणायचे. पण काम! प्रत्येक खांबाच्या बुडाला डांबर फासून तो दगडी बैठकीवर उभा केला, म्हणजे पाण्यात राहायला नको. दोन फळ्यांत बोटभर फट ठेवली. वरचा टप्पा भिंतीला टेकवू दिला नाही — “भित वल धरती सर, माळ्याला बी सडवंल. त्यो आपला आपल्या पायावर उभा ऱ्हाऊ द्या.” आणि तो आपल्या पायावर उभा राहावा म्हणून पुढच्या दोन उंच खांबांना त्यांनी चार तिरपे टेकू लावले. प्रत्येक खांबाला दोन. जाड सागवानी, नटबोल्टने आवळलेले.

हे टेकू मधल्या टप्प्यावर, बसायच्या जागेत आडवे यायचे. माझं डोकं दोनदा आपटलं. दिसायलाही ते मला आवडेनात — फोटोत कुठे होते असले टेकू?

मी मामांना म्हटलं, “हे काढता येतील का?”

“सर, बाकी काय बी सांगा. ह्ये चार काडले तर माळा उभा न्हाई ऱ्हायचा. हितलं वारं लई वंगाळ हाय.”

आता इथे मी थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. मला हे कळत नव्हतं असं समजू नका. दरवर्षी नववीच्या वर्गात मी खराट्याच्या काड्या टाचण्यांनी जोडून चौकोन करायचो, वर बोट ठेवून ढकलायचो — चौकोन कलायचा. मग त्यात एक तिरपी काडी लावायचो. आता ढकला, म्हणायचो. मुलं ढकलायची आणि तो हलायचा नाही. एकतीस वर्षं! अजून किती कळायला हवं होतं?

किसनमामा काम संपवून गुरुवारी गेले. शनिवारी अमेयच्या लग्नाची बोलणी करायला नाशिकहून मुलीकडचे यायचे होते. त्यांना मधल्या टप्प्यावर टेबल टाकून जेवायला वाढायचं माझ्या मनात होतं. शुक्रवारी दुपारी सुधा राजूरला सामान आणायला गेली आणि मी पाना घेतला. अर्ध्या तासाचं काम. चारही टेकू काढले, न्हाणीघरामागे सरपणाच्या ढिगाआड ठेवले. सुधा पाहुण्यांच्या तयारीत होती, तिच्या ते लक्षातही आलं नाही. पाहुणे गेले की परत लावू, असं मनाशी म्हटलं. खरंच म्हटलं होतं का? की आता तसं आठवतंय? पाहुणे आले, जेवले, तीन टप्प्यांचं कौतुक करून गेले. लग्न ठरलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. टेकू तिथेच. जागा मोकळी बरी वाटत होती.

मे महिन्यात सुधाने वरच्या टप्प्यावर कुरडया वाळत घातल्या. ऊन लागू नये म्हणून तिथे मीच हिरवी जाळी बांधली होती. जाळीच्या कडेला ऊन होतं, तिथे सुधाने कुरडयांसाठी साडी अंथरली होती. चारच्या सुमाराला आभाळ काळं झालं आणि वारं उठलं. कुरडया भिजतील म्हणून ती धावत वर गेली. मी आत खिडक्या लावत होतो. जाळी फुगली — शिडासारखी फुगली — आणि मी काचेतून पाहिलं. आधी हळू. अगदी हळू. माझ्या वर्गातल्या चौकोनासारखा वरचा टप्पा एका अंगाला कलला. मला काय होतंय ते कळलं, शेवटपर्यंत कळलं. मी ओरडलो नाही. तिचं नावसुद्धा घेतलं नाही. ती खाली वाकून साडीची टोकं गोळा करत होती.

खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्यांनी जीपमध्ये घालून संगमनेरला नेलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. अमेय पुण्याहून आला आणि दवाखान्याच्या जिन्यातच त्याने विचारलं, “बांधलं कोणी ते?” मी नाव सांगितलं. फक्त नाव. त्याने प्रश्न विचारला, मी बरोबर उत्तर दिलं — यात खोटं काय होतं? असं मी तेव्हा स्वतःला विचारलं. अमेयने लगेच मामांना फोन लावला. काय बोलला ते लिहीत नाही. मी शेजारी उभा होतो.

अमेय आल्याच्या दुसऱ्या दिवशी सुधाचे कपडे आणायला एकटाच घरी आलो. कपड्यांच्या आधी मी काय केलं माहीत आहे? न्हाणीघरामागचे चारही टेकू कुऱ्हाडीने फोडले आणि पाण्याच्या बंबात घातले. भर मे महिन्यात, उकाड्यात, मी कढत पाण्याने अंघोळ केली.

धूर अजून येत होता तेवढ्यात फाटक वाजलं. किसनमामा. सायकल लावून ते सरळ मागे गेले, मीही गेलो. पडलेल्या लाकडांभोवती ते दोनदा फिरले. मग उकिडवे बसले आणि आडव्या पडलेल्या खांबाच्या भोकात त्यांनी बोट घातलं.

“सर, टेकू कुठं गेले?”

“कोणते टेकू?”

“ह्ये काय. भोकं हायेत की. चार टेकू हुते.”

मी म्हणालो — आणि हे मी ठरवून ठेवलेलं नव्हतं, ते सहज आलं, याचीच मला जास्त भीती वाटते — “भोकं तुम्ही पाडून ठेवली होती मामा. टेकू मागनं लावतो म्हणालात. राहून गेले.”

“न्हाई, सर. मी लावले हुते. ह्या हातानं नट आवळले हुते.”

“आवळले असते तर ते इथेच पडलेले दिसले असते ना?”

ते बघत राहिले, लाकडांकडे. तिथेच मी थांबू शकलो असतो. नाही थांबलो.

“मामा, काम चालू असताना तुमचा चष्मा दोनदा आमच्याकडे राहिला. सायकल बाजारात विसरून तुम्ही चालत घरी गेला होतात, तुमच्या सूनबाईंनीच सांगितलं. होतं या वयात. पण तुम्ही जपायला हवं होतं.”

त्यांनी दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. जणू हातांना विचारत होते. मग म्हणाले, “व्हय. आसंल.”

बस, एवढंच. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या हातांवर नाही, माझ्यावर. मी सर होतो ना!

पुढचं सांगताना मला खुर्चीत बसवत नाही. दोनदा उठून येरझाऱ्या घालून आलो.

पंधरा दिवसांनी ते परत आले. पावसाच्या आत माळा पुन्हा उभा करून देतो म्हणाले. मजुरीचं नाव काढू दिलं नाही. एकटेच राबले. आणि रोज संध्याकाळी हत्यारं आवरताना मला हाक मारायचे. “सर, जरा या. तुमी मोजा. माझा आता भरवसा न्हाई.” मग मी मोजायचो. मोठ्याने. एक, दोन, तीन, चार. ते प्रत्येक टेकूला हात लावत माझ्या मागे फिरायचे आणि मान हलवायचे. बारा दिवस काम चाललं. टेकू लागले त्या दिवसापासून शेवटपर्यंत रोज मी मोजले. हो, माझ्या तोंडाने.

त्यानंतर त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. पुढच्या वर्षी त्यांची सून राजूरच्या बाजारात भेटली. मी विचारलं, मामा कसे आहेत? ती म्हणाली, “आबांनी हत्यारं देऊन टाकली. दाराची कडी लावली का ते चार-चारदा बगत्यात. शेरडं मोजत्यात, पुन्यांदा मोजत्यात. डाक्टर म्हनला, डोकं चांगलं हाय त्यांचं, काय बी झालं न्हाई. पर ते ऐकत न्हाईत.”

डोकं चांगलं आहे. हे ऐकल्यावर मी काय केलं? मेथीची जुडी घेतली आणि घरी आलो.

आणि सुधा — तिला कधी मामांचा राग आला नाही. म्हातारा माणूस, विसरला बिचारा, म्हणते. अमेयलाही तिनेच गप्प केलं. दर दिवाळीला ती त्यांच्याकडे फराळाचा डबा पाठवते. डबा पोचवायला मी जातो. त्यांच्या अंगणात बसतो, चहा पितो, पावसापाण्याचं बोलतो. निघताना ते म्हणतात, “बाईंना इचारा, माफ केलं का म्हनावं मला.” मी म्हणतो, केलं, केलं. हा निरोप मी सुधाला कधीही सांगितलेला नाही. सांगितला तर ती त्यांना भेटायला जाईल. दोघं समोरासमोर बसतील, त्या दिवसाबद्दल बोलतील. बोलता बोलता कुणाला काय आठवेल, काय सांगावं?

गेल्या महिन्यात त्यांच्या नातीचा साखरपुडा होता. मला आग्रहाचं बोलावणं होतं. सुधाला म्हटलं, गाडीचे हिसके बसतील, तू नको येऊस. एकटाच गेलो. दारात मांडव, शे-दीडशे माणसं. मागच्या रांगेत बसलो होतो. पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले आणि पहिल्या दोन-तीन नावांनंतर किसनमामा स्वतः उठले. फारच वाळलेत आता. माईक हातात कसा धरायचा ते त्यांना कळेना, कुणीतरी धरून दिला.

“ते मागं बसल्यात ते सर,” ते म्हणाले. “सर, पुढं या. मंडळी, ह्यांच्या घरी माझ्या हातनं लई मोठी चूक झाली. बाईंचा पाय गेला. दुसरा आसता तर पोलिसात गेला आसता, माझी आब्रू घालवली आसती. ह्या मानसानं चारचौगात कदी शबुद काडला न्हाई.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी पुढे गेलो. बसायच्या जागेपासून मंचापर्यंत बरंच अंतर होतं. तेवढ्यात बोलता आलं असतं. माईकही समोरच होता. त्यांनी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. टोपी घालायला ते टाचा उंचावू लागले, त्यांचा हात पोचेना — म्हणून मी मान खाली वाकवली. शेजारचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, “बगा, किती साधा मानूस.”

मी त्यांना नमस्कार केला. पंगतीला बसलो, जेवलो. जिलेबी आग्रहाने वाढली, ती खाल्ली. मग गाडी काढून घरी आलो.