तांदळाची पोती आणि अनुपची गाडी

थंडीने गाडी चालू झाली नाही, की अमेरिकेत बॉस्टनजवळच्या श्रूजबरीतली मराठी माणसं पहिला फोन मोरेश्वरकाकांना करत. वूस्टरच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढता काढता काकांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर मान म्हणावा असा हा एवढाच उरला होता. डिकीत दोन गाड्यांच्या बॅटऱ्या जोडायची जंपर केबल, बॅटरीची टर्मिनल घासायला तारेचा ब्रश आणि थर्मासमध्ये चहा घेऊन काका बर्फातून गाडी काढून आले, की तरण्या पोरांच्या जिवात जीव येई. बोलणं बेताचंच. पण घरी परतल्यावर शीलाकाकूंना सांगत, "आज राजेशची गाडी. बॅटरी पार झोपली होती," आणि चहाचा कप जरा जास्तच वेळ हातात धरून बसत.

मग समोरच्या घरात अनुप राहायला आला. नागपूरचा, कॉम्प्युटरवाला, सदा हसतमुख. त्याने एक चार्ज करून ठेवायची पेटी विकत आणली होती. दुसरी गाडी शेजारी उभी करायला नको, काही नको. पेटीचे चिमटे बॅटरीला लावले की गाडी सुरू. त्या हिवाळ्यापासून काकांचा फोन गप्प झाला. सकाळी खिडकीशी बसून ते अनुपला पेटी घेऊन निघताना बघत.

"पेटीने काय, कोणीही करेल," ते म्हणत.

"तुमच्या केबलनेही कोणीही करत होतंच की," काकू म्हणत. "तुमची गंमत केबलमध्ये नव्हती, चहात होती."

दोन हजार तीनची दिवाळी झाली आणि मराठी मंडळाच्या बैठकीत ठरलं, संक्रांतीच्या जेवणाचा तांदूळ यंदा अनुपच्या गॅरेजमध्ये ठेवायचा. त्याचं गॅरेज मोठं, शिवाय उबदार. इतकी वर्षं तो तांदूळ काकांकडे असे. कोणी दुखवायला म्हणून बोललं नव्हतं, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची? काका स्वतः पोती उचलायला गेले. अनुपने ती गाडीशेजारी, भिंतीला टेकवून, खाली फरशीवरच ठेवली.

काकांच्या ओठांवर आलं होतं, 'अरे, खाली ठेवू नकोस. उंदीर येतात. माझ्याकडे पत्र्याची पिंपं आहेत, घेऊन जा.' पूर्वी एका हिवाळ्यात उंदरांनी त्यांची दोन पोती फस्त केली होती, तेव्हापासून ती पिंपं होती. पण तेवढ्यात अनुप म्हणाला, "काका, आता तुम्ही आराम करा. मी बघतो सगळं."

काकांनी तोंड मिटलं. मनात म्हटलं, बघ. बघच.

जानेवारीत अशी थंडी पडली, की नाकातला श्वास गोठावा. एका सकाळी समोरच्या गॅरेजचं दार उघडं दिसलं. गाडी आत, बोनेट वर, अनुप पेटीवर वाकलेला. त्याची बायको हर्षिता हातात फाइल घेऊन अंगणात येरझारा घालत होती. बॉस्टनला तिची फिजिओथेरपीच्या लायसन्सची परीक्षा होती, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

काका खिडकीपासून हलले नाहीत. गाडी घर्र घर्र करत होती, पेटत नव्हती. अनुप पुन्हा पेटी लावत होता. काकांना आतून गुदगुल्या होत होत्या. 'येईल,' ते मनात म्हणत होते. 'आता येईल माझ्या दारात.'

अनुप खरंच आला. टोपी न घालता, कान लालबुंद.

"काका, जरा बघता का? पेटी फुल चार्ज आहे तरी गाडी पेट घेत नाहीये."

काकांनी शांतपणे बूट चढवले. फार शांतपणे.

"अहो, आधी आपल्या गाडीतून तिला सोडा!" काकू मागून ओरडल्या.

हे काकांना सुचलं नव्हतं असं नाही. पण तिला आपल्या गाडीत बसवलं, की आपलं कौशल्य बघणार कोण? ते म्हणाले, "पाच मिनिटांचं काम आहे."

"तुमची पाच मिनिटं मला माहीत आहेत," म्हणत काकूंनी किल्ल्या उचलल्या, हर्षिताला बसवलं आणि स्वतःच गाडी काढली. काका बघत राहिले. अर्धे प्रेक्षक निघून गेले होते.

"मार स्टार्टर," ते अनुपला म्हणाले. घर्र घर्र घर्र. दमदार आवाज होता. "बॅटरी ठणठणीत आहे. बॅटरी गेली असती तर नुसतं टकटक झालं असतं. इंजिनाला हवा मिळत नाहीये."

"हे तुम्ही न उघडताच सांगता?"

काकांनी हातमोजे काढले. बोनेटजवळ वाकताच त्यांना हवेच्या फिल्टरच्या डब्याच्या फटीत पांढरे दाणे दिसले होते. डबा उघडला. आत पोत्याचे धागे, कापूस, लेंड्या आणि ओंजळभर तांदूळ ठासून भरला होता. हवेची नळीही तशीच तुंबलेली.

"बाप रे! संक्रांतीचा तांदूळ?" अनुप हसायलाच लागला. "काका, मला वाटलं इंजिन गेलं. तुम्ही तर ग्रेट आहात यार!"

ही वाहवा काकांनी महिनोन्‌महिने मनात ऐकली होती. आता कानांवर आली, तेव्हा ती गोड लागेना. त्यांनी तांदूळ उपसला, नळी साफ केली, वायरी चाचपून पाहिल्या आणि फिल्टर झटकून बसवला. "अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धर. पेट्रोल जास्त झालंय." तिसऱ्या खेपेला गाडी खोकली, धूर सोडला आणि चालू झाली.

"तू पोती खाली ठेवलीस तेव्हाच मला दिसलं होतं," काका गाडीच्या आवाजात म्हणाले. "मी बोललो नाही."

अनुप गाडीतून उतरला. "का हो काका?"

"तू मला आराम करायला सांगितलंस म्हणून."

आता अनुप रागावेल असं काकांना वाटलं. पण तो म्हणाला, "सॉरी काका. मी आपलं तुमच्या वयाकडे बघून म्हटलं होतं."

हे तर रागावण्यापेक्षाही वाईट होतं.

दुपारी काकांनी पत्र्याची पिंपं एकेक करून रस्त्यापलीकडे नेली. उरलेला चांगला तांदूळ दोघांनी मिळून त्यात भरला. काकांना वाटत होतं, आता तरी अनुप म्हणेल, काका, तांदूळ तुमच्याकडेच असू दे. अनुपने झाकणं घट्ट लावली, मागे सरून पाहिलं आणि म्हणाला, "आता चिंताच नाही. दरवर्षी इथेच ठेवू."

काका घरी आले. हर्षिताची परीक्षा चांगली गेल्याचं, बॉस्टनहून परतलेल्या काकू सांगत होत्या. काका खिडकीशी बसले.

"दिलीत ना पिंपं? बरं केलंत," काकू म्हणाल्या.

"गॅरेज मोठं आहे त्याचं," काका म्हणाले, आणि समोर आपली पिंपं एका ओळीत उभी होती तिकडे, अनुप दार लावून घेईपर्यंत बघत राहिले.